वर्धेचा काठ आणि दोन इतिहास

तिवशाहून कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूरला गेले की गावाच्या पायथ्याशी वर्धा नदी लागते. पलीकडचा काठ आर्वी तालुक्यात, म्हणजे वर्धा जिल्ह्यात. ही हद्द कधीपासूनची, असा प्रश्न इतिहासाच्या वर्गात टाकून पाहावा. ज्याने प्राचीन इतिहास नीट वाचला आहे तो कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’कडे जाईल. त्या नाटकात शुंग राजा अग्निमित्राच्या फौजा विदर्भ जिंकतात आणि यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांत राज्याची वाटणी होते. वाटणीची रेषा वरदा, म्हणजे आपलीच वर्धा. ज्याची तयारी आधुनिक काळाची आहे तो १८०३ साल सांगेल. २९ नोव्हेंबरला आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाच्या पदरात पडला. पुढे १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८६१ मध्ये पलीकडे मध्य प्रांत उभा राहिला, तरी हद्द नदीचीच राहिली.

दोन्ही उत्तरांना पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील. घोळ होतो तो ती शेजारी ठेवल्यावर. मग कोणीतरी हमखास म्हणतो, ‘म्हणजे दोन हजार वर्षांपासून वर्धा ही सीमाच आहे!’ हे खोटे आहे. ‘ऐन-ए-अकबरी’तली वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी काढावी. तिच्यात पवनार आहे, आणि पवनार वर्धेच्या पूर्वेला. अकबराच्या दप्तरात ही नदी सुभ्याच्या कडेने वाहत नव्हती, पोटातून वाहत होती. नाटकातली वाटणी आणि १८०३चा तह यांना जोडणारा धागा आपण आपल्या मनाने ओढलेला असतो. लांबलचक नदी सरहद्द म्हणून सोयीची पडते, म्हणून ती वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या कारणांनी कामाला आली, इतकेच.

पदवीला किंवा एम.ए.ला प्राचीन आणि आधुनिक इतिहास एकत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक केले आहे. एकत्र शिकण्याचा फायदा आणि धोका दोन्ही वरच्या उदाहरणात आले. फायदा असा की एकाच जागेविषयी दोन अगदी निराळ्या प्रकारचे पुरावे हाताळायची सवय लागते. धोका असा की मधली हजार वर्षे गिळून एक खोटी अखंड परंपरा तयार करण्याचा मोह होतो. आमच्या भागात तो मोह जरा जास्तच आहे, कारण इथली नावे फार जुनी आहेत. महाभारतातला विदर्भ आणि १९५३च्या नागपूर करारातला विदर्भ एकच शब्द वापरतात, म्हणून मोर्चाच्या भाषणात रुक्मिणी आणि सिंचनाचा अनुशेष एका दमात येतात. भाषणात ते शोभते.

विद्यापीठांत हे दोन इतिहास वेगळे कसे पडले, ते थोडे पाहण्यासारखे आहे. जेम्स मिल या गृहस्थाने हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता १८१७ मध्ये या देशाचा इतिहास लिहिला आणि त्याचे हिंदू, मुसलमान व ब्रिटिश असे तीन काळ पाडले. आपण पुढे दारावरच्या पाट्या बदलून प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन अशा लावल्या, खोल्या मात्र त्याच ठेवल्या. नागपूर विद्यापीठात आजही प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग वेगळा आहे आणि इतिहास विभाग वेगळा. यात कोणाची खोडी नाही. दोन्ही शाखा निराळ्या घराण्यांतून आल्या. प्राचीन इतिहास आपल्याकडे संस्कृतच्या वर्गातून वाढला. वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ मध्ये एका खंडात एकत्र करून देणारे वा. वि. मिराशी मुळात संस्कृतचे प्राध्यापक. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते काही वर्षे प्राचार्यही होते. आधुनिक इतिहास वाढला तो राजकारण, इंग्रजी आणि कायदा यांच्या सहवासात. एकाला ताम्रपटातला काना-मात्रा दिसतो, दुसऱ्याला फायलीवरचा शेरा. दोघे एकाच कँटीनला चहा पितात आणि एकमेकांचे लेख वाचत नाहीत.

ऑक्सफर्डला प्राचीन आणि आधुनिक इतिहासाचा जोड अभ्यासक्रम आहे. तिथल्या विद्यार्थ्याचा प्राचीन काळ बहुतेक ग्रीस आणि रोममधला आणि आधुनिक काळ त्याच्या स्वतःच्या देशातला किंवा युरोपातला. दोहोंच्या मध्ये बऱ्याचदा समुद्र असतो. वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला ही चैन नाही. ज्या पांढरीत सातवाहनकाळची खापरे निघतात त्याच पांढरीवर पाटलाची गढी उभी राहिली, त्याच गावठाणाची नोंद इंग्रजांच्या बंदोबस्तात झाली आणि तिथेच आता घरकुलाचा पाया खोदला जातो. गढीची पांढरी माती लोक भिंती लिंपायला आणि शेतात टाकायला गाडीने नेतात. तिच्यात काही सापडले का म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले: ‘पांढरीत खापरं त निंघतेच, त्यात काय इशेष?’ विशेष हेच की जुन्या काळाचा पुरावा नाहीसा होण्याचे कारण आजच्या काळात आहे आणि ते समजून घ्यायला आजचाच इतिहास लागतो.

आता एक नमुना जरा जवळून पाहू. अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा त्याच्या अठराव्या राज्यवर्षातला ताम्रपट मिळाला. मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. ताम्रपट म्हटला की विद्यार्थी वंशावळ पाठ करतो आणि पुढचे सोडून देतो. खरी गंमत पुढेच आहे. दानगावात राजाने कशाकशावरचा हक्क सोडला त्याची यादी येते: गाई-बैल, फुले आणि दूध, चराऊ कुरण, कातडे, कोळसा, मीठ काढणे, वेठ. जे सोडले म्हणून लिहावे लागले ते एरवी घेतले जात होते, हे उघड आहे. त्याहून मजेशीर अटी. या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, राजाला विषप्रयोग असले काही करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास राजाने जमीन काढून घेतली तर ती चोरी ठरणार नाही. दानपत्रात इतका संशय! हजार लोक एका जागी बसवताना राजाच्या अधिकाऱ्यांच्या मनात काय होते, ते या अटींवरून जितके कळते तितके प्रशस्तीच्या श्लोकांवरून कळत नाही.

यादीतले मीठ आणि कुरण हे दोन शब्द लक्षात ठेवून १९३० सालाकडे यावे. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न होता की इथे समुद्र कुठे आहे? उत्तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याने दिले. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे पुसदकडच्या राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात गेले. मीठ आणि गवत. पंधराशे वर्षांच्या अंतराने त्याच दोन गोष्टी, आणि प्रश्नही तोच: जमिनीतून आपोआप निघणाऱ्या वस्तूवर मालकी कोणाची?

इथेच वर्धेच्या हद्दीचा धडा पुन्हा गिरवावा लागतो. वाकाटकांपासून इंग्रजांपर्यंत मिठाचा हक्क अखंड चालत आला, असे विधान केले तर ते नापास करण्याच्या लायकीचे. वाकाटक राजाचा हक्क गावापुरता, स्थानिक वसुलीचा, आणि एका सहीशिक्क्याने सोडून देता येणारा. इंग्रजांचे मीठ हे खाते होते: कायदा, परवाना, इन्स्पेक्टर, आणि साऱ्या देशाच्या अंदाजपत्रकातला एक आकडा. जंगलाचेही तसेच. राखीव जंगल ही वस्तूच एकोणिसाव्या शतकातली. तिची हद्द मोजून, दगड रोवून, नकाशावर रंगवून ठरवलेली. ताम्रपट वाचलेल्याला १९३०च्या सत्याग्रहातला जुना प्रश्न ऐकू येतो. जंगलखात्याच्या फायली वाचलेल्याला सत्ता किती नव्या जातीची होती ते दिसते. दोन्ही एकाच विद्यार्थ्याला यावे, एवढीच या पुस्तकाची मागणी आहे. ती थोडी नाही, हे कबूल.

दोन्ही गोष्टी एका माणसात जमल्याचे उदाहरण आमच्याच अमरावती जिल्ह्यात आहे. पापळचे पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. शेतकऱ्याचा मुलगा १९२० मध्ये विलायतेला गेला, एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. तो प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. भाऊसाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या शंभरांतल्या पाचांनीही हे पुस्तक हातात धरलेले नसावे. परत आल्यावर ते अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले करण्याच्या चळवळीत पुढे राहिले. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला त्यासाठी जी परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

अंबादेवीचे देऊळ म्हणजे, अमरावतीच्या श्रद्धेप्रमाणे, जिथून श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले ते स्थान. कौंडण्यपूरचे लोक तोच मान आपल्या गावच्या देवळाला देतात, तो वाद इथे नको. मुद्दा असा की १९२७ मध्ये या देवळाच्या दारात उभा राहिलेला वकील आधी वैदिक धर्म मुळातून वाचून आला होता. वेदकाळी यज्ञ होते, देवळे नव्हती, हे त्याला कोणी शिकवायला नको होते. ‘अनादि काळापासूनची परंपरा’ हा शब्दप्रयोग अशा माणसासमोर करणे अवघड जाते. पुढे ते केंद्रीय कृषिमंत्री झाले, त्यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजे गावोगाव निघाली, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिले. ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांचा प्रबंध आणि ते देऊळ एकत्र वाचले पाहिजेत.

कौंडण्यपूरकडे पुन्हा वळू, कारण या पुस्तकाचा मोठा भाग त्याच टेकाडावर आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी इथे उत्खनन केले आणि १९६८ मध्ये अहवाल निघाला. दीक्षित जुन्या मण्यांचे मोठे जाणकार. वस्ती लोहयुगापासूनची आणि सातवाहनकाळात भरभराटीची, एवढे त्या खोदकामातून निर्विवाद निघते. रुक्मिणीचे नाव असलेली वीट निघालेली नाही, निघण्याचे कारणही नाही. गावकऱ्यांना हे सांगितले तर ते रागावत नाहीत, हसतात. त्यांचा पुरावा दर आषाढीला पंढरपूरला चालत जातो. रुक्मिणीच्या पालखीची परंपरा १५९४ हे साल सांगते. त्या साली वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत होते आणि दोन वर्षांनी, १५९६ मध्ये, चांदबिबीला ते मुघलांना द्यावे लागले. अशा धामधुमीत वारी निघाली असेल तर कोणत्या वाटेने, कोणाच्या चौक्या ओलांडून, कोणाच्या दाण्यापाण्यावर? हे प्रश्न विचारले की श्रद्धेला धक्का न लावता इतिहास सुरू होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या टेकड्यांवर आणि पालखीच्या वाटेवर दगडी हत्यारे आणि ग्रामदेवता एकत्र पाहत हिंडले. त्यांचे सगळेच निष्कर्ष मान्य करावेत असे नाही; चालण्याची सवय मात्र उचलावी.

याच तिवसा तालुक्यात दुसऱ्या दिशेला, अमरावतीच्या रस्त्यावर, गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये आश्रम मांडला, १९४२ मध्ये तुरुंगवास भोगला आणि नंतर ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. ग्रामसफाई, श्रमदान, गावाची तंटामिटवणी असे विसाव्या शतकाचे विषय, आणि छंद ओवीचा. ग्रामगीता आधुनिक इतिहासाच्या पेपरात घालायची की संतसाहित्याच्या, यावर अभ्यासमंडळांत वाद होऊ शकतो. आमच्या मते हा वादच या विषयाचे प्रवेशद्वार आहे. (विदर्भातल्या एका विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव आहे, दुसऱ्या एकाला गाडगेबाबांचे. दोघांचाही शाळेशी संबंध बेताचाच. यावर विद्यापीठांनी कधी तरी विचार करावा.)

उलट दिशेचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनचे. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावाजवळ पूर्णेच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले आणि विटांचा स्तूप उजेडात आला. त्यांच्या मते तो मौर्यकाळचा. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. भोनवर नीट लिहायचे तर मौर्यकालीन विटेचे माप माहीत हवे आणि १९८४चा अनुशेषावरचा दांडेकर समितीचा अहवालही वाचलेला हवा. कारण धरण हवे म्हणणारा शेतकरी अनुशेषाची भाषा बोलतो आणि तीही खोटी नाही. केवळ पुरातत्त्ववाला इथे हळहळतो, केवळ आधुनिकवाला सिंचनाचे हेक्टर मोजतो.

मधल्या हजार वर्षांचे काय, हा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. यादव, महानुभाव, अचलपूरची इमादशाही, मुघल सुभा, भोसले आणि निजाम यांची दुअंमली, हे सगळे वगळून वऱ्हाड समजत नाही. रिद्धपूरचेच पाहा. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट तिथे मिळाला, महानुभावांचे गोविंदप्रभू तिथे राहिले, म्हाइंभटांचे लीळाचरित्र तिथे आकाराला आले आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. पाचव्या शतकातून एकविसाव्यात उडी मारली तर रिद्धपूरचा प्राणच निसटतो. म्हणून या पुस्तकात प्राचीन-आधुनिक अशा प्रत्येक जोडीमागे मध्ययुगाचे एक टिपण दिले आहे. ते ऐच्छिक समजू नये. बुलढाण्याच्या यादव माधव काळ्यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला तेव्हा प्राचीनापासून आपल्या दिवसांपर्यंत सगळे एकट्याने ओढले. आज त्यातले बरेच जुने झाले आहे. तरी एकाच माणसाने सगळे पाहिल्याने प्रश्न कसे बदलतात, ते त्या पुस्तकात दिसते.

एक वर्ग मात्र प्राचीन आणि आधुनिक इतिहास एकत्र वाचतोच: तालुक्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी पोरे. सकाळी वाकाटक, दुपारी वंगभंग. त्यांचे पाठांतर आम्हाला लाजवते. फक्त त्यांच्या नोट्समध्ये प्रत्येक काळ एका ओळीचा असतो आणि दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी हे पुस्तक परीक्षा झाल्यावर, निकाल काहीही लागो, उघडावे अशी इच्छा आहे.

अभ्यासाची पद्धत थोडक्यात. प्राचीन काळाचा विद्यार्थी पुराव्याच्या दुष्काळात वाढतो. एका तुटक्या अक्षरावर महिना घालवतो. आधुनिकवाल्याचा जीव पुराव्याच्या पुरात गुदमरतो. १८५३ नंतरच्या वऱ्हाडावर बंदोबस्ताचे अहवाल आहेत, १८६७ची खानेसुमारी आहे, लायलसाहेबाचे १८७०चे गॅझेटियर आहे, अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हापासूनचा बाजारपेठांचा पत्रव्यवहार आहे. दोघांनी सवयी बदलून घ्याव्यात. बंदोबस्त अहवालातला एक परिच्छेद ताम्रपटासारखा शब्द-शब्द फोडून वाचावा: हा कोणी, कोणासाठी लिहिला, काय सोडले म्हणून लिहावे लागले? आणि ताम्रपट हा सरकारी कागद आहे, कारकुनाने साच्यावरून उतरवलेला, हे विसरू नये. चम्मकच्या अटी वाचताना तो साचा मोडून कोणीतरी जादा कलमे घातल्याचा वास येतो.

भाषांची धास्ती घेऊ नये. संस्कृत आणि प्राकृत कामापुरते, इंग्रजी जरा बरे, फारसी जमली तर सोन्याहून पिवळे. ब्राह्मीची मुळाक्षरे चिकाटीच्या विद्यार्थ्याला एका सुटीत येतात. मोडीला जास्त दिवस लागतात, कारण प्रत्येक लिहिणाऱ्याचे वळण वेगळे. तिच्या सरावासाठी छापील उतारे परिशिष्टात दिले आहेत, पण तिवसा, मोर्शी, चांदूरकडच्या बऱ्याच घरांत खरेदीखते, रोखे, देवघराचे हिशेब अजून पेटीत पडून आहेत. त्यांवरच हात बसवावा. आजोबांना विचारून कागद काढावेत, मोबाइलवर फोटो घेऊन वाचन फोटोवरून करावे आणि घडी जशी होती तशीच घालून पेटीत ठेवावी. त्यांना सेलोटेप लावू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये.